पहिल्या नंबरवरचा अंगठा

परवा आमच्या शाळेत पहिलीचे प्रवेश चालू होते... आणि दारात शेवंताकाकू उभ्या! नातीचा हात धरून. मी खुर्चीवरून उठलोच. बाकीचे शिक्षक बघत राहिले, की हे सर तर साहेबांसाठीसुद्धा सावकाश उठतात, आज काय झालं?

सांगतो. पण त्यासाठी बरंच मागे, बार्शीटाकळीला जावं लागेल.

कापसाची वाईट वर्षं होती ती. खरेदी केंद्र बंद, कापसाच्या गाड्या फाट्यावर उभ्या, आणि विजेचा तर नेमच नाही. मी डी.एड. होऊन घरी बसलेलो. शिक्षकभरतीच्या यादीत नाव लागलं होतं, फक्त पोलिसांची चारित्र्य पडताळणी बाकी होती. पोराच्या नावावर काही गुन्हा लागू नये म्हणून आई रोज देवापुढे हात जोडायची.

आणि पोरगा कुठे बसला होता? आंदोलनाच्या बैठकीत! रशीदभाईंच्या आरागिरणीत, लाकडाच्या भुशावर सतरंजी टाकून. अक्षर चांगलं म्हणून मला बोलावलेलं. नाही म्हणायची हिंमत नव्हती, आणि तिथे बसायचीही नव्हती.

चांदूर बाजारहून आलेले पुढारी जगदीशभाऊ दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम सांगत होते, मी लिहीत होतो. सकाळी फाट्यावर रास्ता रोको, दुपारी तहसीलसमोर थाळीनाद, तीन वाजता जेलभरो. दाराशी साध्या कपड्यातले पोलीस जमादार बसून हेच सगळं आपल्या डायरीत उतरवत होते... त्यांना अख्खा तालुका ओळखायचा. रशीदभाई त्यांनाही चहा देत म्हणाले, "लो जमादार, तुम्हारी में शक्कर ज्यादा है." लोक हसले. मी मात्र कागदावरून मान वर काढली नाही.

मग जगदीशभाऊ म्हणाले, "जेलभरोची यादी करा आता. ठान्यात आजच द्या लागते." म्हणजे जे स्वतःहून अटक करून घेणार, त्यांची नावं. लोक एकेक नाव सांगू लागले आणि मी लिहू लागलो.

सातव्या नावाला माझी नजर वर गेली... पहिल्या नंबरवर माझंच नाव होतं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

झालं असं, की गावातल्या प्रत्येक सभेची हजेरी मीच लिहायचो. लिहिणारा आपलं नाव आधी टाकून मोकळा होतो, नाहीतर शेवटी तेच राहून जातं. हाताला तीच सवय. डोकं जमादारांकडे लागलेलं आणि हात आपला चालत राहिला.

खोडावं, तर सगळ्यांच्या देखत खोडायचं? उद्या हेच लोक कदाचित लाठ्या खाणार होते. न खोडावं, तर माझ्या पडताळणीचा कागद ज्या ठाण्यातून जायचा होता, त्याच ठाण्यात ही यादी पोचणार. नोकरी गेलीच म्हणायची. मी पेनचं टोपण लावत होतो, काढत होतो...

"झाली का यादी? साहेब वाट पाहून रायले," जमादार येऊन डोक्याशीच उभे राहिले.

सह्या घ्यायच्या होत्या. काही सुचेना म्हणून पहिल्या नावावरचं बोट तसंच ठेवून मी कागद शेजारी सरकवला. शेजारी शेवंताकाकू. आमच्याच गावच्या, तेव्हा पन्नाशीच्या, यादीत दुसऱ्या नंबरवर. त्यांनी शाईच्या पॅडवर अंगठा दाबला, नको तेवढा दाबला. एकदा माझ्याकडे पाहिलं. आणि थेट पहिल्या नंबरवर अंगठा टेकवून चांगला फिरवला. माझ्या नावाचं नुसतं जांभळं डबकं झालं.

"अवो बाई, हे काय केलं?" जमादार वैतागले.

"मले वाचता येते का बापा? कुठी लावा लागते, तू सांग."

"अन् या पयल्या नंबरवर कोन होतं?"

मी पेन खिशाला लावायला गेलो, ते भुशात पडलं.

"मीच होती," काकू म्हणाल्या. "माहं नाव दोनदा लिहिलं पोट्ट्यानं. पाहा ना, कसा थरथरून रायला!"

लोक हसले. जमादारांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. पण सगळ्यांच्या सह्या झाल्यावर यादीची घडी घातली आणि गेले.

आंदोलनाच्या दिवशी मी थाळी वाजवली, नाही असं नाही. पण तीन वाजता गर्दीच्या मागे, झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर उभा होतो. काकू पोलिसांच्या गाडीत चढल्या, तेही घोषणा देत. संध्याकाळी सगळ्यांना सोडलं. पुढे मात्र कोर्टाच्या तारखांना त्या कितीतरी वेळा एसटीने अकोल्याला गेल्या. मी एकदाही सोबत गेलो नाही. कुणी पाहील, अशी भीती वाटायची.

नोकरी लागली. पेढे घेऊन गेलो, तेव्हाही विषय काढला नाही. बाईचा अंगठा चुकून पडला असेल, अशी मी मनाची समजूत घालून घेतली होती. तसं मानलं की सोपं जायचं.

तर परवा... नातीच्या अर्जावर पालकाची सही हवी होती. मी पॅड पुढे केलं आणि कुठे लावायचा ते दाखवायला बोट नेलं, तोवर काकूंनी अंगठा लावूनही टाकला. एवढ्याशा चौकटीत, बरोब्बर मधोमध. शाई रेघेलासुद्धा लागली नाही.

"काकू, त्या दिवशी..." एवढंच बोलता आलं.

"जाऊ दे ते," पदराला अंगठा पुसत त्या म्हणाल्या. "हिले सही शिकव आधी."

इतकी वर्षं रोज सकाळी मस्टरवर सही करतोय. कालही केली... पण पहिल्यांदाच माझा हात मध्येच थांबला. काकू, ही सही तुमची आहे.