सतरंजीचं दुसरं टोक

काल स्त्रियांच्या हक्कांच्या सभेत मी माझं पत्रक वाचलं. टाळ्या झाल्या. मागे कुणीतरी सतरंजी झटकली आणि त्या धुळीच्या वासानं मी लहानपणीच्या मारेगावच्या चर्चमध्ये पोचले.

कापणीचा सण होता. वेदीपुढे अर्पणाच्या कापसाचा ढीग होता. माझी राहेलमावशी सगळ्यांबरोबर मोठ्यानं गीत म्हणत होती. मंडळीतले एक वडीलधारे पंच तिला म्हणाले, "जरा हळू म्हण ना व बाई. पाळकसाहेबाचा आवाज ऐकू नाही येऊन राह्यला. ख्रिस्ती बाईनं नम्र असावं."

मावशी हसली. "काका, आवाज देवानं देल्ला. पुरून ठेवला, तं उद्या त्याले काय सांगू?"

आणि ती अशी गायली की वरचे पत्रे थरथरले. मी मनात पेटून उठले होते. आता ही ताठ मानेनं बाहेर पडेल!

पण उपासना संपताच मावशी वाकून सतरंजी आवरू लागली. तेच काका कौतुक करायला आले.

"गाणं झालं ना, काका. तिकडचं टोक धरा."

तेव्हा मला तिचा राग आला होता. जिंकलेल्या बाईनं धूळ कायले झटकावी?

काल माझ्याभोवती माणसं जमली होती. त्यांच्यातून वाट काढत मी मागे गेले आणि सतरंजीचं दुसरं टोक धरलं.