शाळेला कळलं, मला नाही

दवाखान्याच्या तळमजल्यावर रुग्णांच्या फाइली लावायचं काम त्या एकोणीस वर्षं करत होत्या. सगळे त्यांना फाइलताईच म्हणत. लग्न केलं नव्हतं. जवळचं माणूस म्हणजे धाकटी बहीण. रविवारी तिच्याकडे जेवायचं, तिच्या नवऱ्याची थट्टामस्करी ऐकायची आणि परत आपल्या एका खोलीत. दवाखान्यातली गोष्ट त्यांनी कधी बाहेर काढली नाही.

एका दुपारी फाइली लावताना बहिणीच्या नवऱ्याचं नाव दिसलं. त्याला फिट येत होत्या. 'वाहन चालवू नये,' असं डॉक्टरांनी खाली ठळक लिहिलं होतं. आणि तो शाळेची बस चालवायचा.

संध्याकाळी तो स्वतःच फाइलींच्या खोलीच्या खिडकीशी आला. "ताई, हिला कळू देऊ नका. गोळ्या सुरू केल्यात, रजाही टाकलीय."

"मी नाही सांगणार. पण तुम्ही सांगा तिला, लवकर."

चार दिवसांनी कामावर येताना सिग्नलला शाळेची बस थांबलेली दिसली. स्टिअरिंगवर तोच. मागे मुलांचा नुसता कल्ला. त्याने ताईंना पाहिलं आणि मान फिरवली.

ताई तडक डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी त्याला दुपारीच बोलावून घेतलं. तो तणतणला, माझा आजार ही माझी खासगी बाब आहे म्हणाला. डॉक्टर म्हणाले, "आजाराचं नाव मी कुणालाही सांगणार नाही. पण तुम्ही बस चालवू नये, एवढं शाळेला कळवावंच लागेल."

शाळेने त्याला बसवरून काढून सामानाच्या भांडारात बसवलं. मग घरी सगळं बाहेर आलं.

बहीण ताईंच्या खोलीवर आली ती दारातच उभी राहिली. "तुला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"म्हणजे शाळेला कळलं, मला नाही. बायको आहे मी त्याची!"

"ते त्यांनी सांगायचं होतं गं."

बहीण पाठ फिरवून गेली. त्यानंतर रविवार खायला उठायला लागले. ताई एकच कपाट पुन्हा पुन्हा आवरत.

पाच महिन्यांनी त्याची फाइल पुन्हा हातात आली. भांडारात फिट येऊन पडला होता, कपाळाला सात टाके. पण फाइलीत वाचलेलं घेऊन भेटायला जाणार तरी कशा? त्यांनी फाइल जागेवर ठेवली.

आठवड्याने बहीण खिडकीशी आली. बरीच वाळली होती. "यांच्या कागदांच्या झेरॉक्स हव्यात."

ताईंनी कोऱ्या अर्जांचा गठ्ठा पुढे ओढला. "त्यांच्या सहीचा अर्ज लागतो."

"मलासुद्धा?"

"सगळ्यांनाच."

ताईंनी कोरा अर्ज पुढे सरकवला आणि न राहवून विचारलं, "तू जेवतेस ना नीट?"

"बरी आहे मी," बहीण म्हणाली. अर्ज घडी करून पिशवीत टाकला आणि जिना चढून गेली.

दुसऱ्या दिवशी सही केलेला अर्ज आला. शेजारच्या कुणाच्या तरी हाती.