चश्मा गेला, संशय राहिला

एखाद्याला सांगून बघा, की मी डोळ्याचं लेझर करून आलो. तो तुमचं ऐकूनच घेत नाही. लगेच त्याच्या साडूचा, नाहीतर साडूच्या मित्राचा किस्सा काढतो. आणि त्या किश्श्यात कोणाचं तरी काहीतरी बिघडलेलंच असतं! आमच्या सेनगावच्या शाळेची स्टाफरूम पूर्वी फक्त बदल्या आणि बीपी, या दोन विषयांवर चालायची. मग एका मॅडमनी लेझर केलं, मागून मी केलं, आणि तेव्हापासून डोळ्याचे किस्से साचतच चाललेत. एक काढला की खालून दुसरा निघतो. त्यातले काही सांगतो. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. आमच्यात तसाही कोणी कोणावर ठेवत नाही.

*

सुरुवात केली इंग्रजीच्या कांबळे मॅडमनी. कोणाला पत्ता लागू दिला नाही. मामेबहिणीचं लग्न आहे म्हणून रजा टाकली आणि परत आल्या त्या काळा गॉगल लावून. वर्गात गॉगल, स्टाफरूममध्ये गॉगल, डबा खातानासुद्धा गॉगल! वरून गॉगलच्या खाली सारखा रुमाल.

आमचे इतिहासाचे सय्यद सर. शक घेणं हा त्यांचा जोडविषय. ते माझ्या कानाशी आले.

"लग्नाहून आलेली बाई अशी दिसती का? हाताला मेहंदी न्हाई, मोबाईलात फोटो न्हाई. काहीतरी गडबड हाय."

गडबड हेडसरांपर्यंत पोचली. हेडसर माणूस भला. त्यांनी कांबळे मॅडमना बोलावलं, सोबत एका वयस्कर मॅडमना बसवून घेतलं, दार लोटलं आणि हळू आवाजात विचारलं, "मॅडम, घरी सगळं बराबर हाय ना? मिस्टरांनी काही... म्हंजे, हात-बित?"

कांबळे मॅडम उडाल्याच. "न्हाई हो सर! मी लेझर केलं!"

"लेझीम?" हेडसर म्हणाले. "अन् तेबी वरातीत? मॅडम, जरा वय बघून खेळावं माणसानं!"

*

गॉगल निघाला आणि मॅडम खरंच बिनचश्म्याच्या झाल्या. मागच्या बाकावरची चिठ्ठी फळ्यापासून ओळखायला लागल्या. मला राहवेना. मी शिकवतो विज्ञान, चश्मा लागला चौथीत, आणि काच अशी जाड की उन्हात कागद पेटावा असं पोरं म्हणायची.

घरी विषय काढला. बायकोनं, सुनीतानं, पोळी तव्यावरच ठेवली.

"इतके वर्षं चश्म्यावर संसार झाला. आता काहून काढून राहिले? कोणाला तोंड दाखवायचं हाय?"

"अगं, हेल्मेट घालताना तकलीफ होती."

"मंग हेल्मेट मोठं घ्या!"

पण तपासणीला सोबत आली. मला एकट्याला सोडायला तयार नव्हती म्हणून आली असंही म्हणता येईल. नांदेडच्या डॉक्टरांनी डोळ्यात थेंब टाकले, नाना मशिनींवर हनुवटी ठेवायला लावली, डोळ्याचा नकाशा काढला. दुपारभर मला समोरचं अक्षर दिसत नव्हतं. सुनीताला मात्र सगळं स्पष्ट दिसत होतं. तिनं मला कोपर मारलं.

"डॉक्टरला बघा. त्याला सोताला चश्मा हाय!"

मी गप्प बस म्हणेपर्यंत तिनं विचारूनसुद्धा टाकलं. डॉक्टर रागावले नाहीत. चश्मा काढून हातात घेतला.

"वहिनी, मी पण गेलो होतो करायला. माझ्या डोळ्याची समोरची काच पातळ निघाली. ज्या सरांच्या हाताखाली शिकत होतो, त्यांनीच मला नाही म्हणून परत पाठवलं."

बाहेर आल्यावर सुनीता म्हणाली, "करा. हा खरं बोलून राहिला. खोटा आसता तर पैलं सोताचा चश्मा लपवला आसता!"

*

ऑपरेशन टेबलावर मात्र मीच सगळ्यात मोठा संशयी निघालो. डोळा बधिर केला होता, पापणी उघडी राहावी म्हणून चिमटा लावला होता. दुखत काही नव्हतं, पण डोळ्यावर दाब आला आणि समोरचं सगळं काळं झालं. पोरांना मी हे सगळं फळ्यावर आकृती काढून शिकवतो. तरी त्या क्षणी मनात आलं, गेला डोळा! आता नोकरीचं काय, पोरीचं काय?

तेवढ्यात उजेड परत आला. हिरवा ठिपका. मशीन कडकड वाजायला लागली आणि नाकात वास घुसला. केस जळाल्यासारखा.

"डॉक्टर, काहीतरी जळून राहिलं!"

"हलू नका," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "तुमचा नंबर जळतोय."

*

येताना गाडी माझा मेव्हणा चालवत होता. बधिरपणा उतरला आणि डोळ्यात कोणी मिरची कालवावी तशी आग सुटली. गॉगलच्या आतून पाण्याच्या धारा. वारंगा फाट्याला गाडी थांबवली. मी हॉटेलच्या बाकड्यावर मान खाली घालून बसलो. सुनीतानं माझा हात घट्ट धरलेला. मेव्हणा बाजूला गंभीर चेहरा करून उभा.

आजूबाजूचे लोक हळूच बोलायला लागले. कोणीतरी मोठ्यानं वाजणारं गाणं बंद केलं. हॉटेलवाल्या चाचांनी स्वतः पाण्याचा ग्लास आणून दिला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"सबर करो भाई. कोण गेलं, ताई?"

सुनीता म्हणाली, "यांचा चश्मा."

*

मग सुरू झालं भेटायला येणाऱ्यांचं सत्र. डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, डोळा चोळायचा नाही, तोंडावर पाणी मारायचं नाही, धुळीत जायचं नाही. आणि हंगाम कोणता? सोयाबीन काढायचा! गावाच्या चारी बाजूंनी मळणीयंत्रं धुरळा उडवून राहिलेली. मी खिडक्या लावून आत बसलो, तर लोक म्हणायला लागले, "कोंडून ठेवलं म्हंजे काहीतरी बिघडलंच."

येणारा प्रत्येक जण पहिलं काय करायचा? बोटं नाचवायचा. "हे किती?" चहा पिण्याआधी परीक्षा! माझे नरसीचे मामा तर त्याच्याही पुढचे. बोटांवर त्यांचा विश्वास नव्हता. बोटं काय, अंदाजानं कोणीही सांगेल.

"समोरच्या भिंतीवर काय हाय?"

"पाल हाय, मामा."

"कोन्या बाजूला तोंड करून हाय?"

"ट्यूबलाईटकडं."

मामांनी सुनीताकडे बघितलं. "तू इशारा केला का गं?"

ती स्वयंपाकघरात होती. मामांना तेही पटेना. उठले, भिंतीजवळ गेले, पालीला हुसकलं, ती दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसली. "आता सांग."

मी सांगितलं. मामा खाली बसले आणि सुनीताला म्हणाले, "दिसतं गं बाई याला. आता तुमी जपून राहा!"

*

एक गोष्ट मात्र मी कोणाला सांगितली नव्हती. दिवसा लख्ख दिसायचं, पण दिवेलागणीला रस्त्यावरचा प्रत्येक दिवा फुलासारखा फाकायचा. समोरून मोटारसायकल आली की तिच्या लाईटभोवती खळं. डॉक्टर म्हणाले होते, काही महिने असं होऊ शकतं, हळूहळू जाईल. पण डॉक्टर काय, म्हणणारच! डोळेही सुकल्यासारखे व्हायचे, वाळू गेल्यासारखे. मी गुपचूप औषधाचे थेंब टाकत राहायचो आणि मनात म्हणायचो, माझंच फसलं.

शेवटी मधल्या सुट्टीत कांबळे मॅडमना एका बाजूला घेतलं. "मॅडम, खरं सांगा. तुमाला दिव्यांभोवती कधी फुलं दिसले का?"

मॅडमनी हातातला डबा खाली ठेवला. आधी दाराकडे बघितलं.

"सर, मला किती तरी महिने दिसत होते. मला वाटलं, माझंच बिघडलं. तुमी मला विचारून ऑपरेशनला चालले तवा माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं होतं!"

"मंग सांगितलं काहून न्हाई?"

"मला वाटलं, तुमी स्टाफरूममध्ये सांगाल."

आता त्यांचे दिवे सरळ झालेत. माझेही झाले. सय्यद सरांना मात्र आम्ही दोघं कोपऱ्यात काय बोलत होतो याचा शक अजून आहे.

*

सय्यद सरांचं नाव निघालंच आहे तर नाझियाचं सांगायलाच पाहिजे. नाझिया त्यांची मुलगी. पोलीस भरतीची तयारी करत होती. सकाळी हिंगोली रोडला पळताना दिसायची, घामानं चश्मा घसरतोय, ही एका हातानं वर ढकलतेय, पाय थांबत नाहीत. मेडिकलमध्ये नजर आडवी येईल या धास्तीनं तिनं लेझरचा हट्ट धरला.

बाप-लेक एका मोठ्या शहरात गेले. दवाखाना काचेचा, आत गारेगार, सगळे हसून बोलणारे. नजर तपासली आणि म्हणाले, "परवा या, करून टाकू."

नाझिया खूश. सय्यद सर मात्र शाळेत आले ते थेट माझ्या टेबलापाशी.

"तुझ्या टायमाला थेंब टाकून दुपारभर आंधळं करून ठेवलं होतं ना? मशिनीवर नकाशा काढला होता? हिला तर कायबी केलं न्हाई. एवढी घाई काहून?"

मी म्हणालो, आपल्या नांदेडच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. दाखवलं. डॉक्टरांनी तिचा एक डोळा पुन्हा पुन्हा तपासला आणि सय्यद सरांना खुर्ची दिली. डोळ्याची समोरची काच पातळ होती आणि मधोमध टोकासारखी पुढे यायला लागली होती. "लेझर केलं असतं तर डोळा हातचा गेला असता. हिला लेझर नाही. उलट ही काच घट्ट करायची ट्रीटमेंट लागेल, आणि लवकर."

नाझिया नांदेडपासून घरापर्यंत रडत आली. तिचा डॉक्टरवर राग नव्हता, बापावर होता. तिला वाटलं, अब्बांना पोलिसात पाठवायचंच नव्हतं, म्हणून नाही म्हणणारा डॉक्टर शोधून काढला! घरात बाप-लेकीचं बोलणं बंद. आयुष्यभर दुसऱ्यांवर शक घेतलेले सय्यद सर तेव्हा स्टाफरूममध्ये डबा न उघडता बसायचे. "माझी पोरगी माझ्यावर शक घेऊन राहिली," एवढंच म्हणायचे.

ट्रीटमेंट झाली. मग एकदा ती स्वतःच तिसऱ्या डॉक्टरकडे गेली. कोणाला न सांगता, एकटी. त्यानंही तेच सांगितलं. घरी आली, बापापुढे ताट ठेवलं आणि समोर जेवायला बसली. बस, एवढंच. माफी नाही, काही नाही.

डोळा टिकला. भरती सुटली. आता ती परभणीला वकिली शिकतेय, जाड चश्मा लावून. परवा शाळेत आली होती. मी म्हणालो, "पोलीस व्हायचं राहूनच गेलं की गं."

"राहू द्या की सर," ती म्हणाली. "उलटतपासणी घ्यायला तर मी घरातच शिकले!"

*

आणि आता हेडसरांचं.

हेडसरांचा काळ्या फ्रेमचा चश्मा आमच्या तालुक्यात सगळ्यांना माहीत. चश्म्याशिवाय त्यांना कोणी बघितलं नव्हतं. रागावले की तो काढायचे नाहीत, फक्त दोन बोटांनी वर सारायचे. तेवढ्यानं व्हरांडा शांत! आम्ही सगळे त्यांच्या मागे लागायचो, "सर, तुमीबी करून टाका की लेझर." ते म्हणायचे, "न्हाई बाबा. मशिनीचा काय भरोसा? अन् माझा नंबर लई अवघड हाय."

यंदा शाळेत नेत्रतपासणीचं शिबिर झालं. हॉलमध्ये भिंतीला अक्षरांचा तक्ता टांगला. पोरं रांगेत बसली. पण पोरं घाबरून राहिली होती, पहिलं कोणी उठेना. हेडसर म्हणाले, "भ्यायचं काय त्यात? मी बसतो पहिला."

बसले. तपासायला आलेल्या टेक्निशियननं आधी त्यांचा चश्मा मागून घेतला. मागे आम्ही सगळा स्टाफ उभा. चश्म्याशिवायचे हेडसर बघायला कांबळे मॅडम तर टाचा वर करून उभ्या होत्या.

टेक्निशियननं चश्मा खिडकीकडे धरला. काचेतून खिडकीचे गज बघितले. चश्मा डावीकडे हलवला, उजवीकडे हलवला; काचेत नंबर असला की पलीकडचं हलल्यासारखं दिसतं. रुमालानं काचा पुसल्या आणि परत हलवून बघितला.

इकडे हेडसर पोरांकडे वळले. "लक्ष द्या रे! अक्षर कसं वाचायचं? न घाबरता, मोठ्यानं!"

आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. वरचं मोठं अक्षर वाचलं. दुसरी ओळ, तिसरी ओळ. आवाज खणखणीत. खाली खाली जात मुंगीएवढ्या अक्षरांची शेवटची ओळ वाचली. आणि जोशात त्याच्याही खाली, कोपऱ्यात छापखान्याचं नाव होतं, तेसुद्धा वाचलं!

पोरांनी टाळ्या वाजवल्या.

आम्ही कोणी हललो नाही. सय्यद सरांचं कोपर माझ्या बरगडीत रुतलं होतं. टेक्निशियन कधी हातातल्या चश्म्याकडे बघायचा, कधी तक्त्याकडे, कधी हेडसरांकडे.

हेडसरांनी हात पुढे केला. "किती निघाला नंबर?"

टेक्निशियननं एकदा आमच्या तोंडाकडे बघितलं. एकदा रांगेतल्या पोरांकडे बघितलं. मग चश्म्याच्या काड्या नीट उघडून दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला.

"सर," तो म्हणाला, "आहे तोच चालू ठेवा."

हेडसरांनी चश्मा लावला. दोन बोटांनी वर सारला. तक्त्याकडे बघितलं.

"हां! आता कसं स्वच्छ दिसून राहिलं!"