गणराजचा एक तारा

सुचिता म्हात्रेला फसवायचं म्हणजे आधी पहाटे उठायला हवं, असं श्रीवर्धनात तिच्या आळीत म्हणत. भाजीवालीने वजन केलं की ही पिशवी हाताने तोलून बघायची. गॅसवाल्याने सिलिंडर दिला की त्याच्यासमोर साबणाचं पाणी लावायची. पनवेलच्या एका पार्लरमध्ये तिने आठ वर्षं नोकरी केली, आणि तिथल्या मालकिणीने जाता जाता शेवटचे दोन पगार बुडवले. तेव्हापासून तिचा माणसांवरचा विश्वास उडाला तो उडालाच.

गावी परतल्यावर तिने सुपारीच्या वाडीतली खोली सारवून, रंगवून घेतली आणि बाहेर पाटी लावली : 'मालिश'. खाली मोबाइल नंबर. आठ दिवसांत जे फोन आले ते सगळे पुरुषांचे, आणि काय काय विचारत होते ते तिने आईलाही सांगितलं नाही. पाटी उतरली. नवी लागली : 'सुपारी वाडी स्पा, फक्त बायकांसाठी'. आता पुरुषांचे फोन थांबले आणि बायकांचेही आले नाहीत. मे महिन्यात समुद्रावर पर्यटकांची जत्रा, आणि सुचिता ओट्यावर माशा मारत बसलेली. अजून एक हंगाम असा गेला तर खोलीला कुलूप लावून पुन्हा पनवेल गाठायचं, हे तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

शेजारच्या वाडीत जुनेराभाभीचं घर. तिच्या घरी पर्यटक राहायला येत. दोन वाड्यांच्या कुंपणात बांबूचं एक बेडं होतं, त्यातून दोघींची सकाळ-संध्याकाळ ये-जा. पावसाळा सरता सरता भाभीची मुलगी शहरबानू बाळंतपणाला माहेरी आली. तिच्या तान्ह्या लेकीला अंग लावायला सुचिता रोज आठ वाजता तेलाची वाटी घेऊन जायची.

"माझे पाहुणे मोबाइलवर स्पा शोधतात," एकदा जुनेरा म्हणाली. "त्यांना सगळ्यात आधी समुद्रावरचं ते मोठं रिसॉर्ट दिसतं. तू दिसतच न्हाईस. नकाशावर चढायला हवं तुला."

नकाशावर चढणं म्हणजे सुचिताला पोलिसांत नाव नोंदवण्यासारखंच वाटलं. त्यात नकाशावाल्यांना दुकान खरं असल्याचा व्हिडिओ हवा होता : रस्ता, पाटी, आणि मालकीण स्वतः कुलूप उघडतेय असा.

"कुलूप कशाला दाखवायचं?" सुचिताने विचारलं. "उद्या कोणीतरी तशीच चावी करून आणंल."

"तुझ्या खोलीत तेलाच्या बाटल्या न् चार टॉवेल हायत. कोण येतंय चोरायला?"

शेवटी तिने कुलूप उघडलं, पण चावी मुठीत झाकून. जुनेराने फोटो टाकले, वेळा टाकल्या, 'श्रीवर्धन' आणि 'फक्त महिलांसाठी' हे दोन्ही ठळक लिहिलं. मग पहिले पाच तारे स्वतः दिले आणि खाली लिहिलं, 'माझ्या नातीला हिच्याच हातून मालिश होते.' भिंतीवर चौकोनी छापाचा एक कागद चिकटवला. येणाऱ्या बाईने मोबाइल त्याच्यासमोर धरायचा आणि तारे द्यायचे. दिवाळीपर्यंत पाच जणींचे पाच-पाच तारे झाले. जवळचा स्पा शोधला की सुपारी वाडी दुसऱ्या नंबरावर दिसू लागली. पुण्याच्या बायका विचारत विचारत आळीत यायला लागल्या.

आणि एका मंगळवारी तिथे एक तारा उगवला. फक्त एक. खाली शब्द नाही, फोटो नाही, नाव 'गणराज'. पाचाचे चार पूर्णांक तीन झाले आणि तीन दिवसांत सुपारी वाडी यादीत खाली गेली.

सुचिताच्या मनात पाल चुकचुकली. बायकांच्या स्पामध्ये हा गणराज आला कुठून? म्हणजे खोटं नाव. खोटं नाव कोण घेतं? जिला हे सगळं येतं ती. रिसॉर्टचा मॅनेजर अल्तमश जुनेराचा चुलतभाऊ, आणि त्याची स्कूटर या आठवड्यात दोनदा भाभीच्या दारात होती. परवा भाभीने सहज विचारलं होतं, "आज किती आल्या गं?" तेव्हा सहज वाटलं होतं. आता सहज वाटेना. आपणच चढवायचं आणि आपणच खाली ओढायचं, म्हणजे संशयही नको. मोठ्या हुशारीचं काम होतं, आणि सुचिताला ते आपण पकडलं याचा मनातून थोडा आनंदही झाला. शहाण्या माणसाला एवढा मूर्खपणा पुरतो.

दुपारी बसून तिने त्या ताऱ्याखाली उत्तर लिहिलं, सगळ्या जगाला दिसेल असं : 'आमच्याकडे पुरुष येत नाहीत. हा तारा कोणाच्या वाडीतून आला ते आम्हाला माहीत आहे. भावाचा धंदा चालावा म्हणून शेजारणीच्या पोटावर पाय देऊ नये.' मग बेड्याला सुतळीच्या चार गाठी मारल्या. सकाळी अंग लावायला गेली नाही. कंबर धरल्याचा निरोप पाठवला.

दुसऱ्या दिवशी जुनेराचे पाच तारे गायब झाले. आता चार पूर्णांक दोन.

"बघ," सुचिता आरशातल्या स्वतःला म्हणाली. "चोराच्या मनात चांदणं."

दहा दिवस बेडं बंद राहिलं. मग एका सकाळी सखूमावशी गुडघे चोळून घ्यायला आली. ही आळीतली जुनी सुईण. अर्ध्या श्रीवर्धनाला तिनेच न्हाऊ घातलेलं, आणि सुचिताला हात कसा फिरवायचा तेही तिनेच शिकवलेलं. पाय पसरून बसल्यावर तिने भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं.

"आता बरं हाय ना गो? मी तीट लावल्यापासून?"

"कसली तीट?"

"अगो, सगळ्या पाच पाच देत व्हत्या. एकीनं न्हाय, दोघींनी न्हाय, सगळ्यांनी पाच. माझ्या तर पोटात गोळा आला. एवढं चांगलं लोकांच्या डोळ्यांसमोर उघडं ठेवतात व्हय? पोराला न्हाऊ घातलं की गालाला काळा ठिपका लावतो का न्हाय आपण? म्हणून मी एकच दिला. दृष्ट लागू नये."

सुचिताचा हात गुडघ्यावरच थांबला.

"पण मावशी, ते नाव गणराज…"

"मोबाइल बाबूचा हाय ना. वाशीला माझ्या लेकीचा पोरगा. त्याच्या बारशाचं नाव गणराज. त्यानं जुना दिला मला." सखूमावशी समाधानाने मागे टेकली. "हात का थांबला? जरा जोर दे."

सुचिताने दोन्ही गुडघे नेहमीसारखे चोळून दिले. मावशी गेल्यावर मोबाइल उघडून तिने आपलं उत्तर पुसून टाकलं. पण जिने वाचायचं तिने ते वाचलं होतं, हे तिला ठाऊक होतं. तेलाची वाटी कोमट करून ती बेड्याशी गेली. आपणच मारलेल्या गाठी सुटेनात, शेवटी दातांनी सोडवल्या.

जुनेरा अंगणात वाळत घातलेली सुपारी हलवत होती. तिने वर पाहिलं नाही. सुचिताने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सखूमावशी, तीट, बाबूचा मोबाइल. जुनेराला हसू आलं नाही.

"अल्तमश येत होता तो शहरबानूच्या औषधासाठी," ती म्हणाली. "तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"चुकलं माझं, भाभी."

"दोन महिन्यांचं पोर रोज तुझ्या हातात देत होते मी, उघडं. वाटीत काय तेल हाय, मी एकदा तरी विचारलं?"

पगार बुडाले तेव्हाही सुचिताला इतकी लाज वाटली नव्हती.

उरलेली सुपारी हलवून झाली. मग जुनेराने आत हाक मारली आणि शहरबानू पोरीला घेऊन बाहेर आली. सुचिता पाय पसरून बसली, पोर पायांवर घेतलं आणि हळूहळू अंग लावू लागली. दहा दिवसांत पोर ओळख विसरलं होतं. आधी रडलं, मग हाताला सैल पडलं. अंघोळ झाली, पावडर झाली. सुचिताने काजळाच्या डबीत बोट बुडवून गालावर बारीकशी तीट लावली.

"मोठी लाव," जुनेरा मागून म्हणाली. "नजर शेजाऱ्यांचीच लागते."

सुचिताने मान खाली घालून पुन्हा बोट बुडवलं आणि मोठी लावली.