कॉम्प्युटरला पहिलं बक्षीस

माझा मामा वसईजवळच्या जूचंद्र गावचा. मिठागरावर राबायचा आणि सणासुदीला रांगोळीत माणसांचे चेहरे काढायचा. मी त्याच्याकडेच शिकले. ऐंशीच्या दशकात, मी नुकतीच वसईतल्या एका कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले होते, तेव्हा तिथल्या एका मंडळाने शाळेच्या हॉलमध्ये चित्रस्पर्धा भरवली आणि मामाला बोलावलं.

मामाने आमच्या गावची सुईण काढायची ठरवली. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, मीसुद्धा. स्पर्धेआधीचे तीन दिवस ती हॉलमध्ये त्याच्यासमोर स्टुलावर बसली. मिश्री लावता लावता विचारायची, "झाला का रं?" रंग उडू नये म्हणून पंखे बंद, खिडक्या बंद. मामा घामाघूम होऊन चिमटीतून रंग सोडत होता. तिच्या गालांच्या सुरकुत्यांसाठी त्याने तपकिरी रंगाच्या सात छटा करून घेतल्या. त्या चाळता चाळता माझे हात भरून आले.

स्पर्धेच्या सकाळी मुंबईहून एक माणूस कॉम्प्युटर घेऊन आला. कॅमेऱ्यासमोर बसायचं, की कडेला भोकं असलेल्या लांबलचक कागदावर यंत्र करकरत चेहरा छापायचं. जवळून बघावं तर नुसती इंग्रजी अक्षरं, लांबून बघावं तर माणूस. खोटं कशाला बोलू, मलाही नवल वाटलं. बघ्यांची रांग वाढत मामाच्या चित्रापर्यंत आली आणि कुणाची तरी चप्पल सुईणीच्या कपाळावर उमटली. मामाने गुडघे टेकून कपाळ पुन्हा भरलं.

दुपारी निकाल लागला. मंडळाचे चिटणीस माईकवर म्हणाले, "पहिलं बक्षीस कॉम्प्युटरला! आता यंत्रही कलावंत झालं आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. माझं डोकंच फिरलं. मी तडक व्यासपीठाशी गेले.

"बक्षीस नक्की कुणाला दिलंत?" मी विचारलं. "यंत्राला, की ते घेऊन आला त्याला?"

"ताई, नवं युग आहे. तुमच्या मामांना तीन दिवस लागले, याला तीन मिनिटं."

"मग स्पर्धा चित्रांची होती की घाईची?"

"तुम्ही भावनेच्या भरात बोलताय," असं म्हणून ते हसले. शेजारचे परीक्षकही हसले.

कॉम्प्युटरवाला बक्षिसाचा कप हातात धरून अवघडून उभा होता. हळूच म्हणाला, "मी फक्त बटणं दाबतो, ताई. चेहरा कॅमेरा घेतो. कुठे कुठलं अक्षर पडायचं, ते आधीच ठरवून ठेवलेलं असतं."

"मग हे माईकवर सांगा!"

तो कप काखेत मारून यंत्राकडे वळला.

मागे वळले तर सुईण रांगेतून बाहेर येत होती, हातात स्वतःचा छापील चेहरा. "ह्यो भिंतीला लावता येल," ती आनंदाने मामाला म्हणाली. मामा खळखळून हसला. मला दोघांचाही संताप आला. घरी येताना मी त्याला म्हटलं, "तुला काहीच कसं वाटत नाही?"

"म्हातारीला घरी न्यायला कायतरी पायजेच ना," तो म्हणाला. "माझा चित्र उद्या झाडून टाकनार."

दुसऱ्या वर्षी मंडळाचं पत्र आलं. मामाने कॉम्प्युटरच्या टेबलाभोवती वेलबुट्टी काढावी आणि दारात 'सुस्वागतम' लिहावं! मामा जायला तयार होता. "बोलावलाय तर जावा," म्हणाला. मी कचेरीतल्या टाइपरायटरवर चार ओळींचा नकार लिहिला आणि त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. "येवढा राग बरा नाय," असं म्हणत सही केली. त्या वर्षी आम्ही गावच्या देवळाच्या सभामंडपात रांगोळ्या काढल्या. बक्षीस नव्हतं. लोक आले, बसले, एकेका चेहऱ्यावरून भांडले.

मंडळाने पुन्हा आम्हाला कधी विचारलं नाही. पुढे माझ्याही टेबलावर कॉम्प्युटर आला आणि निवृत्त होईपर्यंत मी त्याच्यावर काम केलं. यंत्राशी माझं वाकडं नाही. पण त्या परीक्षकांपैकी एकजणही सुईणीचा चेहरा बघायला खाली वाकला नव्हता. लांबूनच वहीत आकडे मांडून ते चहाला गेले. मी तिथेच उभी होते, मी पाहिलंय.