मोठ्या सिस्टरांचा खुबा

ऑपरेशन थिएटरच्या मोठ्या सिस्टर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. नवरा केव्हाच गेलेला, मुलगा परदेशात. एका सकाळी ओट्यापासून वळताना पाय सरकला आणि खुब्यात काडकन आवाज झाला. हाड मोडलं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. फोन दुसऱ्या खोलीत. हाताला आलेलं झाकण त्या फरशीवर आपटत राहिल्या. दुपारी खालच्या मजल्यावरची बाई वर आली, तीही भांडायला. दाराला कडी लावलेली नव्हती म्हणून बरं.

एक्स-रे बघून सर्जन म्हणाले, "सिस्टर, स्क्रू आणि पट्टी घालावी लागेल. नावाजलेल्या कंपनीची घालू, की जेनेरिक? तुम्हाला मी काय सांगणार!"

हे सर्जन शिकाऊ असताना त्यांच्या हातात हत्यारं देणाऱ्या सिस्टर याच. दोन्ही प्रकारचे ट्रे त्यांनी वर्षानुवर्षं मांडले होते.

"जेनेरिकच घाला. स्क्रू मात्र खुब्याच्या गोळ्याच्या मधोमध बसवा. पट्टी निसटते ती नाव नाही म्हणून नव्हे, नेम चुकला म्हणून."

"अजून धाक आहेच तुमचा!"

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "आई, वेडी आहेस का? सगळ्यात भारी घे. पैशाकडे बघू नकोस."

"अरे, काम दोन्ही सारखंच करतात. मी बघितलंय ना."

"पण मला बरं वाटेल!"

"मग त्या पैशांचं तिकीट काढ. चार दिवस ये."

"लगेच कसं जमेल गं? रजा..."

"असू दे. काम सांभाळ."

संमतीच्या कागदावर सिस्टरांच्या सहीशेजारी खालच्या बाईनं सही केली. नात्याच्या रकान्यात लिहिलं, शेजारीण.

ऑपरेशनच्या वेळी कमरेखालचा भाग बधिर होता, कान जागे होते. ड्रिल थांबलं, स्क्रू फिरू लागला, सगळं त्यांना आवाजावरून कळत होतं. त्यांच्याशी मात्र कुणी बोलत नव्हतं.

तीन महिन्यांत हाड जुळलं. "बघा, अगदी मधोमध!" सर्जननी फिल्म उजेडासमोर धरली. सिस्टर मनापासून हरखल्या. बाहेर येऊन त्यांनी मुलाला फिल्मचा फोटो पाठवला. उत्तरादाखल एक अंगठा आला.

बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. सिस्टरांनी फिल्म त्यांच्यापुढे धरली. "माझा खुबा. छान बसलाय की नाही?"

त्यांनी चष्मा सारखा केला. "यातलं मला काही कळत नाही हो. पण सरळ दिसतोय."

तेवढ्यात त्या गृहस्थांचा नंबर पुकारला गेला. सिस्टरांनी फिल्म पाकिटात घातली आणि वॉकर टेकत त्या टॅक्सी बघायला निघाल्या.