आठ मिलिमीटर आणि आमटी

चेन्नईत तीन वर्षं राबून मी स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट कमावली: डाव्या मूत्रपिंडातला सहा मिलिमीटरचा खडा.

"तण्णी, सार, तण्णी! रोज तीन लिटर पाणी! नाहीतर महिन्याने ऑपरेशन!" डॉक्टरांनी बजावलं.

ऑपरेशन तर मला मुळीच नको होतं. पण पाणी पिणार कसं? पेरुंगुडीहून इरुंगाट्टुकोट्टैला जाणारी आमची कंपनीची बस दीड तास कुठेही थांबत नसे. (एकदा पाणी पिऊन चढलो होतो. त्या प्रवासाबद्दल मी बोलत नाही.) म्हणून पाणी वाढवण्याऐवजी मी पथ्य म्हणून आंबट-तिखट आमटी सोडली.

तेवढ्यात अमेरिकेतल्या दादाने ॲपल सायडर व्हिनेगरची भलीमोठी बाटली पाठवली. सोबत ईमेल: 'म्हणे खडे होऊ देत नाही. शिवाय अँटिऑक्सिडंट!' मी कारखान्यात सुट्या भागांना गंज चढू नये म्हणून पगार घेणारा माणूस. मला तेवढं पुरलं.

"म्हणजे आतून गंजरोधक!" मी बसमध्ये भाषण ठोकलं.

रोज सकाळी नाक दाबून दोन चमचे! अंगावर काटा यायचा. (बाटली मात्र संपत नव्हती. अमेरिकन मालाची बरकत, दुसरं काय!)

"चेहऱ्यावर तेज आलंय ना गं?"

"घाम आहे तो, अहो," बायको म्हणायची.

महिन्याने सोनोग्राफी झाली. खडा आठ मिलिमीटर! सोमवारी ऑपरेशन! मी रडायचाच बाकी होतो. घरी येऊन बाटली आपटायला उचलली, तर आई किंचाळली, "अरे, कोळ सांडेल!"

"कसला कोळ?"

"चिंचेचा! तुझ्या त्या औषधाच्या तळाशी गाळ दिसला. म्हटलं, नासलं. पण अमेरिकेची वस्तू टाकवेना, म्हणून गाळून पातेल्यात काढलं आणि रोज थोडं थोडं आमटीत घालून संपवलं. बाटली छान होती, घासून कोळ भरला. संपला की भरते."

"हे कधी केलंस?"

"आली त्याच दिवशी! आमटी काय झाली होती म्हणून सांगू! मजल्यावर घरोघरी दिली. समोरच्या मामी तर रोज वाटी घेऊन यायच्या."

मी बाटली हळूच खाली ठेवली. त्या महिन्यात आमच्या मजल्यावरचा प्रत्येक माणूस आतून गंजरोधक झाला होता. सुटला होता तो फक्त गंज रोखण्याचा पगार घेणारा!